खुर्ची सध्या पवईला आहे

देणगी मागायची मला कधी लाज वाटली नाही. वाटून चालणारही नव्हतं, कारण आमच्या केंद्रात पगारी माणूस एकच आणि बाकी आम्ही सगळे निवृत्त, गुडघेदुखे आणि आपापल्या मताला चिकटून बसणारे. मुलुंड पूर्वेला एका सोसायटीच्या तळमजल्यावरच्या गाळ्यात आम्ही आजाऱ्यांना लागणाऱ्या वस्तू ठेवतो. खाटा, वॉकर, कमोडच्या खुर्च्या, हवेच्या गाद्या, व्हीलचेअर. घरात आजारपण आलं की यायचं, थोडी अनामत ठेवायची, वस्तू न्यायची आणि गरज संपली की परत आणून द्यायची. गरज कशी संपली ते आम्ही विचारत नाही.

वस्तू विकत घ्यायला पैसे लागतात. ते मागायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी विम्याच्या ऑफिसात जन्म काढलेला आणि माझं तोंड सगळ्यांना ठाऊक. अध्यक्ष पहिल्याच सभेत म्हणाले, "तुम्हीच मागा. तुम्हाला नाही म्हणायची कुणाची छाती होणार नाही." ही स्तुती होती की टोमणा, ते मी विचारलं नाही. काम घेतलं.

आता आपल्या लोकांची एक गंमत सांगते. संस्थेला पैसे द्या म्हटलं की लगेच हल्ली खर्च किती वाढलेत त्याची कहाणी सुरू होते. पण "तुमच्या आईंच्या नावाने एक खाट घेऊ, खाटेवर त्यांचं नाव घालू" म्हटलं की तोच माणूस डोळे पुसत पाकीट काढतो. त्यामुळे आमच्या गाळ्यातल्या प्रत्येक वस्तूवर नाव. कै. अमुक, कै. सौ. तमुक, यांच्या स्मरणार्थ. स्टेशनजवळ नंबरप्लेटा रंगवणारा एक पेंटर होता, तो यायचा आणि ठसठशीत अक्षरात सगळ्यांना कैलासवासी करून जायचा. एकदा एक बाई खाट न्यायला आली, नाव वाचलं आणि माझ्यावर उखडली. "अहो, माझ्या नवऱ्याचं नुसतं हाड मोडलंय! त्याला आत्तापासून कैलासाला पाठवता की काय?" तिचं काही चुकत नव्हतं. मी तिला घरातली जुनी चादर दिली आणि सांगितलं, उशाकडून सोडा, दिसणार नाही. तेव्हापासून नाव मागच्या बाजूला घालायची पद्धत पडली. आजाऱ्याला दिसायला नको, देणाऱ्याला दिसायला हवं. पैसे उभे करण्याचं माझं सगळं शास्त्र एवढंच होतं.

ते काका असेच एका शनिवारी आले. मूळचे मालवणकडचे, आमच्या केंद्रापासून चालत थोड्याच अंतरावर मुलाकडे राहणारे. पांढरा शर्ट, इस्त्रीचा, वरचं बटणसुद्धा लावलेलं. बायकोचं वर्षश्राद्ध होतं. जेवणावळ न घालता त्या पैशांत काही घेता येईल का, असं विचारायला आले होते. मी म्हटलं, व्हीलचेअर येईल. नाव काय घालायचं? तर माणूस गप्प. मला वाटलं ऐकू कमी येतं, म्हणून मोठ्याने विचारलं. त्यांनी टेबलावरचा कागद ओढला, नाव लिहिलं आणि माझ्याकडे सरकवला. बायकोचं नाव तोंडाने घ्यायची सवयच नव्हती हो. तिला ते 'आमची' म्हणत. पेंटरने खुर्चीच्या पाठीवर, काळ्या रेक्झिनवर, पांढऱ्या रंगात ते नाव घातलं. रंग वाळेपर्यंत काका तिथेच उभे होते. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

पुढच्या शनिवारी पुन्हा हजर. "ताई, आमची खंय आसा सध्या?"

मी चमकले. म्हटलं, झालं, काकांच्या डोक्यावर परिणाम झाला. मग लक्षात आलं, खुर्चीबद्दल विचारतायत. मी वही काढून सांगितलं, भांडुपला आहे, एका आजींकडे. त्यांना केवढा आनंद! "भांडुपला होय? बरी असतील ना माणसं?" जशी काही सून माहेरी गेलीय आणि सासरा चौकशी करतोय. मी पण ठोकून दिलं, हो हो, चांगली माणसं आहेत.

मग हे दर शनिवारचं झालं. आले नाहीत तर मीच फोन करायचे. काका, घाटकोपरला गेली हां. काका, या महिन्यात अंधेरीला, लिफ्टची बिल्डिंग आहे, त्रास नाही. हळूहळू त्यांनीच सांगितलं. बाई जन्मभर घराबाहेर पडली नव्हती. आधी सासू-सासरे, मग दिरांची शिक्षणं, मग हिचे स्वतःचे सांधे. "रिटायर झाल्यावर फिरवीन म्हटलेलं," काका म्हणाले, "रिटायर झालो तर हिला जिना उतरवेना." ती फार काही मागत नसे. पवईचा तलाव बघायचा होता म्हणे. मुलुंडहून पवई म्हणजे काय हो, रिक्षाने जाऊन रिक्षाने परत! तेवढंही झालं नाही. त्यामुळे ती खुर्ची फिरत होती तोवर त्यांच्या लेखी बायको बाहेर हिंडत होती. हे वेड आहे म्हणा. मला ते कधी वेड वाटलं नाही.

आणि एकदा खुर्ची खरोखर पवईला गेली. नेणाऱ्या मुलीला मी फोन केला. म्हटलं, बाई, एक आगाऊ प्रश्न विचारते, रागावू नकोस, तुमच्या घरातून तलाव दिसतो का? ती म्हणाली, "बेडरूममधून दिसतो ना. बाबांना रोज संध्याकाळी खिडकीशीच बसवते." मी लगेच काकांना फोन लावला. तलाव दिसतो म्हणून सांगितलं. मग म्हणाले, "पाणी आहे ना तलावात?" मी म्हटलं, भरपूर आहे.

त्यानंतर काकांनी काय केलं असेल? त्यांच्या इमारतीत घरोघरी जाऊन सांगितलं. सगळी कोकणातली माणसं, एकमेकांची लग्नं-बारशी केलेली. कुणी वडिलांच्या नावाने वॉकर दिला, कुणी सासूच्या नावाने गादी. एक बाई तर म्हणाली, "माझ्या सासूने घरात मला कधी सुखाने बसू दिलं नाही, पण तिच्या नावाने कमोडची खुर्ची द्या, लोकांना तरी बसू दे." आम्ही हसून हसून मेलो. पण पैसे रोख दिले तिने. आणि प्रत्येकाला मी फोन करायचे. तुमचे वडील सध्या विक्रोळीला आहेत. तुमची आत्या बोरिवलीला पोचली. केंद्रातले बाकीचे मला हसायचे, पण दिलेला माणूस पुन्हा द्यायचा.

मग गरज वाढली. वस्तूंसाठी लोक थांबायला लागले, आणि आजाऱ्याला थांबा सांगणं ही काय चांगली गोष्ट आहे? हे मी आधीच सांगते, म्हणजे पुढे जे झालं ते कुणी दुष्टपणाने केलं असं वाटायला नको. अध्यक्षांनी मला अंधेरीला एका प्रशिक्षणाला पाठवलं. संस्थांनी निधी कसा उभारावा, या विषयावर. थंडगार हॉल, दुपारी पनीर, आणि शिकवणारा माझ्या मुलीच्या वयाचा. मुलगा हुशार होता, उगीच नावं ठेवणार नाही. त्याने सांगितलं, देणगीदाराला विसरू नका, आभार लवकर माना, त्याच्या पैशांचं काय झालं ते त्याला वरचेवर कळवा. मी मनात म्हटलं, अरे बाळा, हे तर मी करतेच! जेवणाच्या सुट्टीत त्याला माझ्या फोनांबद्दल सांगितलं. त्याने मन लावून ऐकलं. "सुपर आहे हे मॅम," म्हणाला, "पण हे स्केल नाही होणार ना. तुम्ही किती जणांना फोन करणार? हे सिस्टिमवर टाका."

मला ते पटलं. खरंच पटलं. संध्याकाळी घरी येताना मी खूश होते की आता माझा घसा वाचणार.

त्याच वर्षी एक कंपनी मिळाली. एवढी मोठी देणगी आम्ही कधी पाहिली नव्हती. नव्या खाटा, नव्या खुर्च्या, सगळ्या एका निळ्या रंगाच्या, पाठीवर कंपनीचं चिन्ह. अट एकच, त्यांच्या वस्तूंवर दुसरं कुठलंही नाव नको. करार मी स्वतः वाचला, विम्यातली सवय. गाळा तेवढाच, त्यामुळे जुन्या वस्तूंपैकी मोडक्या होत्या त्या काढायच्या ठरल्या. सभेत मी म्हटलं, नावं घातलेल्या वस्तू आहेत, लोकांना विचारून काढा. अध्यक्ष म्हणाले, विचारू विचारू. मग माझ्या मुलीचं बाळंतपण निघालं आणि मी ठाण्याला गेले ती नातवाचं बारसं करूनच आले.

आले तर गाळा झकास दिसत होता. सगळं निळं निळं. मी कोपऱ्यात पाहिलं. काकांची खुर्ची नव्हती. पायठेवणं मोडलं होतं आणि एक चाक फिरताना ओढायचं, हे मलाही माहीत होतं. भंगारवाला दिवाळीच्या साफसफाईत सगळंच घेऊन गेला होता. "अहो, निदान पाठीचं रेक्झिन तरी कापून ठेवायचं!" मी ओरडले. खजिनदार माझ्याकडे बघतच राहिले. त्यांना खरंच कळेना मी कशासाठी ओरडतेय.

आता काकांना सांगायचं होतं. मी त्यांच्याकडे जायला निघणार, तोच तेच आले. हातात मोबाइल, चेहरा उजळलेला. "ताई, ह्या बघा!" मी ठाण्याला असतानाच केंद्राने ती सिस्टिम सुरू केली होती. व्हॉट्सॲपवर मेसेज, खाली आमच्या केंद्राचं नाव. आपण दिलेली वस्तू आज एका गरजू कुटुंबाच्या उपयोगी पडत आहे. आपले मनःपूर्वक आभार. सोबत फोटो, एका हसऱ्या म्हाताऱ्या बाईचा, कुठून तरी घेतलेला. "किती व्यवस्थित केलंत," काका म्हणाले. "आता तुम्हाला फोन करायचा त्रास नाही. बघा, आमची अजून चालू आहे."

पुढच्या वेळी सांगू म्हटलं. पण पुढच्या वेळी ते आलेच नाहीत, कारण आता यायची गरज काय? मेसेज येत होते. आणि मीही फोन केला नाही, कारण फोनवर काय सांगणार होते मी, डोंबल? जे चाललंय ते चालू दे, एक म्हातारा माणूस सुखात आहे, असं मी स्वतःला समजावलं. नव्या खुर्च्या धडाधड बाहेर जात होत्या. कुणाला थांबा सांगावं लागत नव्हतं. एकदा एक माणूस म्हणाला, तुमची खाट वेळेवर मिळाली म्हणून आई शेवटचे दिवस घरी राहिली. हे खरं होतं आणि त्याचा मला आनंदही होता. फक्त काकांच्या इमारतीतून नवी देणगी येईनाशी झाली. अध्यक्षांना त्याचं काही वाटलं नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाला त्यांच्या सुनेचा फोन आला. बाबा बाथरूममध्ये पडले, खुब्याचं ऑपरेशन झालं, काही दिवस व्हीलचेअर लागेल. "आणि ते म्हणतायत, आमचीच पाठवा."

मी म्हटलं, मी स्वतः घेऊन येते. निळी खुर्ची घडी करून रिक्षात कोंबली आणि निघाले. रस्ताभर वाक्यं जुळवत होते, गोड गोड. काकांना पलंगावर बसवलेलं होतं, पाठीशी उशा. इतके वाळलेले की मला क्षणभर ओळखू येईनात. मी खुर्ची उघडली. ते पुढून काहीच बघेनात. "फिरवा," म्हणाले. मी फिरवली. त्यांनी पाठीवरचं ते चिन्ह पाहिलं.

"ही आमची नव्हे."

"नाही, काका."

"आमची कुणाकडे आहे? त्यांचं होऊ दे. कुणाकडची उचलून आणू नका. मी थांबतो."

रिक्षातली सगळी वाक्यं गेली. मी सरळ सांगून टाकलं. "काका, ती भंगारात गेली. दिवाळीच्या आधीच."

सून दारात चहाचा कप घेऊन उभी होती, ती तिथेच थांबली. काकांनी उशीखालून मोबाइल काढला. अंगठा हळूहळू फिरवत मला दाखवायला लागले. हा संक्रांतीचा. हा शिमग्याचा. हा परवाचा, हॉस्पिटलात होतो तेव्हाचा. प्रत्येकात तेच वाक्य, आज एका गरजू कुटुंबाच्या उपयोगी पडत आहे.

"मग ह्या माका कोण सांगत होता?"

"कॉम्प्युटर," मी म्हटलं. "सगळ्यांना एकच जातो तो."

"आणि मी लिवत होतंय ता?"

मला समजलं नाही. त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला. प्रत्येक मेसेजखाली त्यांनी उत्तर लिहिलं होतं. या बाई कुठल्या, त्यांच्याकडे गॅलरी आहे का. खुर्ची उन्हात ठेवू नका सांगा, रेक्झिन तापतं. एक चाक ओढतं, तेल घालायला सांगा, पैसे मी देईन. आणि एका ठिकाणी माझ्यासाठी होतं. ताई, बरेच दिवस फोन नाही, नातवात गुंतला असाल, तब्येतीला जपा.

"त्या नंबरवर आलेलं कुणी वाचत नाही, काका," मी म्हटलं. मेले मी तिथे शरमेने. माणसाने ओरडावं ना अशा वेळी, चार शिव्या घालाव्यात. मी सगळ्या ऐकून घेतल्या असत्या. ते नुसते मोबाइल परत मागत होते.

थोड्या वेळाने त्यांना बाथरूमला जायचं होतं. देहाला काय, तो थांबतो थोडाच. मी आणि सुनेने मिळून त्यांना निळ्या खुर्चीत बसवलं, नेलं, आणलं. मग ते म्हणाले, जरा गॅलरीत न्या. खाली मुलं क्रिकेट खेळत होती. काका त्यांच्याकडे बघत असावेत असं मला वाटलं, पण ते विचार करत होते.

"ताई, हिच्यावर तिचं नाव घालूक येईल? बारीक अक्षरात. खाली, चाकाकडे खंय तरी. कुणाक दिसला नाय तरी चलात."

करार माझ्या डोळ्यापुढे आला. दुसरं कुठलंही नाव नको. एरवी मी सहज म्हटलं असतं, गेला तो करार चुलीत, उद्या पेंटरला घेऊन येते. आयुष्यभर ज्या तोंडाने मी साहेबांना, अध्यक्षांना, शेजाऱ्यांना सुनावलं, ते तोंड त्या दिवशी नेमकं शहाणं झालं.

मी म्हटलं, "बघते."

काका हसले. रागाने नाही, ओळखीचं माणूस रस्त्यात दिसल्यावर हसतात तसे. "मी टाइम ऑफिसात होतंय, हजेरी-रजेच्या कामाक," म्हणाले. "लोक रजा मागूक येयत. कुणाचा पोर आजारी, कुणाची आवस गेलेली. तेंका जन्मभर मी 'बघतंय' सांगलंय."

मी खुर्चीच्या मागे गेले.

"ऊन लागता," ते म्हणाले. "माका भितर घेवन चला."

मी ब्रेक काढला आणि खुर्ची आत वळवली.